दुपट्याच्या रंगाचं नाव

'लाळेरं' हा शब्द त्या बाईच्या पानाच्या कोडमध्ये एकतीस वेळा होता. मी मोजला. मांडीवर अकरा महिन्यांची मुलगी झोपलेली, उजवा हात तिच्या मानेखाली अडकलेला, म्हणून डाव्या हातानं माऊस सरकवत मोजला. एकतिसाव्या वेळी माझ्या कानशिलात असं काही ठणकलं की मुलगी झोपेतच दचकली.

चित्रकारांच्या पानावर लाळेऱ्याचं काय काम, असं कोणीही विचारेल. सांगते.

आमचा ऑनलाइन कट्टा आहे. हजारेक लोक असतील, सगळे चित्रं काढणारे, बरेचसे नोकरी-घर सांभाळून काढणारे. प्रत्येकाचं तिथे एक पान असतं. नव्या माणसाला त्या पानावर फार काही करता येत नाही. अक्षरं ठळक करा, तिरपी करा, ओळ मधोमध आणा, झालं. दोन वर्षं झाली की मात्र पान आतून उघडतं. मग अक्षरांचं वळण, ओळींमधलं अंतर, चौकटी, रंग, मागचं कापड, सगळं स्वतः कोड लिहून ठरवता येतं. याला आम्ही पेहराव म्हणतो. आणि पेहरावातल्या प्रत्येक चौकटीला एक नाव द्यावं लागतं. ते पानावर कुणाला दिसत नाही, फक्त कोडमध्ये असतं. शहाणी माणसं 'वरची-चौकट', 'डावी-चौकट' अशी नावं देतात. मी पेहराव करायला बसले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोरीवर सात ओली लाळेरी वाळत होती. शीर्षकाच्या गळ्यात लोंबणारी जी छोटी चौकट केली, तिचं नाव मी लाळेरं ठेवलं. चित्रांच्या मोठ्या चौकटीचं झबलं. बटणांच्या ओळीचं खुळखुळा.

जगात दुसरं कोण आपल्या चौकटीला लाळेरं म्हणेल? आणि जिच्या पानावर मी तो मोजला, ती ताई तर नाहीच म्हणणार. तिची मुलं दाढी करण्याएवढी झालीत.

ती माझी सख्खी ताई नाही. कट्ट्यावर सगळे तिला ताईच म्हणतात. सगळ्यांत जुनी, सगळ्यांच्या चित्राखाली 'वा, काय हात आहे!' लिहिणारी. तिनं माझ्या चौकटींची नावं बदलली का नाहीत, हेही सांगून टाकते. चौकटीचं नाव एकदा पेहरावात असतं आणि मग प्रत्येक लेखात, प्रत्येक चित्राखाली पुन्हा पुन्हा असतं. एके ठिकाणी बदललं आणि दुसरीकडे राहिलं की मजकूर चौकटीतून घसरून पानभर पसरतो. ज्यानं विणलंय त्याला टाके ठाऊक असतात. ज्यानं उचललंय त्याला कुठला धागा ओढायची भीतीच वाटते.

मांडीवरच्या गठुड्यानं कूस बदलली. आम्ही तिला गठुडंच म्हणतो, कारण ती झोपली की कुणीतरी घाईत बांधून ठेवलेल्या कपड्यांसारखी दिसते. मी तिच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघितला. दिवसातून मी हे किती वेळा करते ते कुणाला सांगत नाही. मग पुन्हा पडद्याकडे वळले.

सगळं माझं होतं. ओळींमधलं अंतर माझं, कारण एका हातात मूल धरून वाचताना ओळ हरवू नये म्हणून मी ते मुद्दाम सैल ठेवलं होतं. मोठी बटणं माझी, कारण अंगठ्यानं दाबता आली पाहिजेत. आणि मागचं कापड! ते कापड म्हणजे माझ्या मुलीचं दुपटं. जन्मल्या दिवशी तिला ज्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं, ते साईच्या रंगाचं, धुऊन धुऊन विरत चाललेलं दुपटं मी स्कॅनरवर पसरलं होतं. त्याच्या विणीवर ताईचं पान ऐटीत बसलं होतं. वर तिनं चार दागिने चढवले होते. पानांचा काठ, कोपऱ्यात फुलं, नवी चिन्हं. आणि शीर्षकाखाली लिहिलं होतं, 'माझा नवा पेहराव, तुम्हा सगळ्यांसाठी, प्रेमानं.'

प्रेमानं!

हे चिडणं नुसतं चोरीचं असतं तर मी दोन दिवसांत गिळलं असतं. मी बरंच काही गिळते. पण कट्ट्याच्या चालकांनी दोन महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं की सभासदांनी केलेल्या पेहरावांतून एक निवडायचा आणि तोच कट्ट्याचा कायमचा पेहराव करायचा. नवं कुणीही आलं की त्याचं पान त्या पेहरावात उघडणार, आणि तळाशी करणाऱ्याचं नाव. मी आठ महिने तो पेहराव करत होते. रोज दुपारी, गठुडं झोपतं तेवढा वेळ. कधी सव्वा तास, कधी अकरा मिनिटं. बाळंतपणानंतर मी एवढी एकच गोष्ट सुरू करून पूर्ण केली होती. बाकी सगळं, अगदी चहासुद्धा, अर्धा राहत होता.

तो पूर्ण झाल्यावर मी ताईला पाठवला. कारण मला पहिलं अक्षर तिनंच शिकवलं होतं. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मला पलंगावरून उठायची बंदी केली होती, तेव्हा ही बाई रोज फोनवर तास तास बोलून मला शिकवायची. ओळीचा रंग कसा बदलायचा, चौकट कशी आखायची. तिचे उपकार मी नाकारत नाही. पण आता ते आठवले की जास्तच चीड येते.

'ताई, चालकांकडे पाठवण्याआधी एकदा नजर टाकाल का?' मी लिहिलं होतं.

'ठेव माझ्याकडे, निवांत बघते,' तिचं उत्तर. आणि आठवड्यानं, 'अजून कच्चं वाटतंय गं. यंदा नको पाठवूस. पुढच्या वर्षी बघू.'

मी ऐकलं. पाठवला नाही. आणि आज मंगळवारी, शेवटच्या फेरीत उरलेला एकच पेहराव म्हणून चालकांनी ताईचं पान लावलं होतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता सगळ्यांसमोर शिक्कामोर्तब.

कट्ट्याचा एक नियम आहे. दुसऱ्याची वस्तू वापरलीत तर तळाशी त्याचं नाव हवंच. नसेल तर तपासणीचा प्रोग्राम पान चालूच देत नाही. मग हिचं पान चालतंय कसं? मी तळापर्यंत गेले. काहीच नव्हतं, नुसतं कापड. बरीच मोकळी जागा. मनात म्हटलं, हिला तळाची जागासुद्धा नीट आवरता आली नाही. मग माझी ओळ जिथे असायला हवी होती तिथे मी माऊस दाबून ओढत नेला, जसं आपण मजकूर कॉपी करायला निवडतो. त्या निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली.

'पेहराव : शाईडाग'

कट्ट्यावर माझं नाव शाईडाग आहे. ते तिनं काढलं नव्हतं. फक्त दुपट्याच्या रंगाचं केलं होतं. माऊस सोडला की नाव गेलं. मी पुन्हा ओढला, पुन्हा आलं. सोडला, गेलं. हा खेळ मी किती वेळ केला कोण जाणे. रंग कसा बदलायचा हे तिनं मला ज्या दिवशी शिकवलं, त्या दिवसापासून तिला हेही येत असणार.

मी फोन लावला.

"अगंबाई, तू! आधी बाळ कसंय ते सांग. दात आले का?"

"खालचे दोन आलेत. ताई, तुमच्या पानावर माझा पेहराव आहे."

"हो, मग? तुझाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? तळाशी नाव दिलंय तुझं."

"ते दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे काय? आहे की. तपासणीत पास झालंय पान."

"तुम्ही ते कापडाच्या रंगाचं केलंय."

"हां, ते होय." ती हसली. खरंच हसली. "ते जरा डोळ्यांत खुपत होतं गं. पानाचा तोल जात होता. रंगसंगतीचा प्रश्न आहे राणी, मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि कच्चं होतं ना ते? मला पाठवू नको म्हणालात."

"कच्चं होतंच. मी सजवलं."

"चालकांना सांगा की पेहराव माझा आहे."

"सांगते ना. निवड तर होऊ दे. आत्ता सांगितलं तर उगाच घोळ होईल. आणि खरं सांगू का? समज, तुझं नाव लागलं. उद्यापासून हजार माणसं विचारत येणार, हे हललं, ते तुटलं, माझ्या फोनवर नीट दिसत नाही. तू उत्तरं देणार? एका हातात बाटली आणि एका हातात माऊस? तुझ्या भल्याचंच बोलतेय मी. बाळ जरा मोठं होऊ दे. तुझे दिवस कुठे पळून चाललेत?"

 नेमकं हेच मी रोज आरशासमोर स्वतःला म्हणत असे. तुला कुठे जमणार. माझी भीती तिनं माझ्याच तोंडावर फेकली, तीही मायेच्या आवाजात. गठुडं उठलं आणि भोकाड पसरलं.

"बघ," ताई म्हणाली, "म्हटलं ना मी? जा, बघ तिच्याकडे."

मी चालकांना लिहिलं. सगळं लिहिलं, लाळेरं, झबलं, खुळखुळा, तारखा. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. 'पान तपासले. करणाऱ्याचे नाव नियमानुसार नमूद आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

संध्याकाळी नवरा कामावर निघायच्या आधी, म्हणजे त्याची त्या दिवशी उशिराची पाळी होती म्हणून, मी त्याला ते वाचून दाखवलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "सोड ना. कितीसे लोक बघतात ते?"

"हजार."

"बरं, हजार. पण त्यांना काय पडलंय कुणी केलं?"

"तू दुरुस्त केलेल्या लिफ्टवर दुसऱ्यानं नाव लावलं तर चालेल तुला?"

"लिफ्टवर नाव नसतंच गं कुणाचं. पडली की मात्र सगळ्यांना आठवतं." स्वतःच्याच विनोदावर हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "एवढं लागलंय का तुला?"

"नाही. मला असंच थरथरायला आवडतं."

सासूबाई पलंगावर बसून गठुड्याला चमच्यानं भरवत होत्या. तीस वर्षं टपालाच्या छाननीत काढलेली बाई. मान वर न करता सगळं ऐकतात. म्हणाल्या, "तू एवढा वेळ त्या कॉम्प्युटरवर काय करतेस, ते मी कधी विचारलं नाही."

"नाही विचारलंत, आई."

"मला वाटायचं, गप्पा मारतेस."

"आठ महिने?"

"लोक मारतात की." चमचा खाली ठेवला. "नाव आहे पण दिसत नाही म्हणजे काय ते दाखव."

मी दाखवलं. माऊस ओढला, नाव आलं. सोडला, गेलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"आमच्याकडे असं पाकीट आलं असतं तर," त्या म्हणाल्या, "मी ते उजेडासमोर धरलं असतं." आणि पुन्हा भरवायला लागल्या. मला त्या वेळी त्यांचाही राग आला. माझं घर जळतंय आणि यांना पाकिटं आठवतात.

गुरुवारी दुपारी मला ताईची चूक सापडली.

पेहरावात मागचं कापड असतं ते खरं तर चित्र असतं, आणि ते कुठेतरी साठवलेलं असावं लागतं. पेहरावात फक्त त्याचा पत्ता लिहितात. माझ्या दुपट्याचं चित्र माझ्या खात्यात होतं. ताईनं पेहराव उचलला, पण चित्र स्वतःकडे नेलं नाही. पत्ता तसाच ठेवला. म्हणजे तिचं पान उघडलं की दर वेळी ते दुपटं माझ्या घरातून तिच्याकडे जात होतं. मी त्या जागी दुसरं चित्र ठेवलं की तिच्या पानामागे तेच दिसणार. गंमत म्हणजे हा धडा मला तिनंच शिकवला होता. 'दुसऱ्याच्या खात्यातलं चित्र आपल्या पानाला कधी लटकवू नकोस गं, त्याच्या मनात आलं तर ओढून घेईल.'

माझ्या मनात आलं.

मी लालभडक चित्र केलं. त्यावर जाडजूड अक्षरांत 'चोर'. एकदा नाही, कापडाच्या विणीसारखं एकाखाली एक, एकाशेजारी एक, शेकडो वेळा. इतकं समाधान मला पहिली रात्र सलग झोपले तेव्हाही वाटलं नव्हतं. ते चित्र तयार ठेवलं. शुक्रवारी चारला दोन मिनिटं कमी असताना बदलायचं, सगळे बघत असताना.

पण माझा स्वभाव वाईट. दाराची कडी मी तीनदा बघते, दुधाचं तापमान मनगटावर दोनदा. म्हणून चित्र बदलण्याआधी खात्याच्या नोंदीत बघितलं की हे दुपटं आणखी कुठे कुठे जातंय.  चौतीस पानं! ताईनं पेहराव आपल्या लाडक्यांना वाटून टाकला होता. प्रेमानं. त्या चौतिसांत एक पान होतं घुबड नावाच्या गृहस्थाचं. निवृत्त शिक्षक, फक्त पेन्सिलनं काढतात. गेले वर्षभर ते एकच गोष्ट काढत होते, आजारी बायकोचे हात. पांघरुणावरचे हात, पेला धरलेले हात. त्या हातांमागे मी 'चोर' लिहिणार होते.

चित्र पुसून टाकलं. आणि मग इतकी संतापले की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजाआड ओरडले. बाईनं माझं काम उचललं ते उचललं, वर माझ्या आणि तिच्यामध्ये चौतीस निष्पाप माणसं उभी करून ठेवली. आता मी हलले की त्यांना लागणार.

शुक्रवारी दुपारी नवरा कामावर निघाला होता. गडद निळी गणवेशाची पँट, इस्त्रीची. दाराशी त्यानं गठुड्याला वर उचललं, तिनं आनंदानं हात हलवले आणि अर्धी बाटली दूध त्याच्या मांडीवर ओकून टाकलं.

"अरे देवा! आत्ता? नेमकं आत्ता?"

"दे इकडे तिला."

"बघ ना कसलं दिसतंय! सगळ्या बिल्डिंगला दिसेल." पुसता पुसता कुरकुरला, "रोज त्या दुपट्यावर ओकते, तेव्हा दिसतं का काही? आज बरोबर माझीच पँट सापडली!"

मी गठुड्याला खांद्यावर घेतलेलं. खांद्यावर दुपटं. त्यावरही दूध सांडलं होतं, हाताला ओलं लागत होतं, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आणि त्याच्या गडद निळ्या मांडीवर तो डाग नकाशासारखा पसरला होता.

"पँट काढ," मी म्हटलं.

"काढतोच आहे. दुसरी कुठेय?"

"कपाटात. ही मला दे. धुवायला टाकू नकोस."

"कशाला?"

"स्कॅन करायचीय."

त्यानं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी खांदे उडवले. "दे तिला. विचारू नकोस."

पुसून, कोरडी करून, डाव्या पायाचा स्वच्छ भाग मी स्कॅनरवर पसरला. गडद निळी, आडवी-उभी वीण, अगदी सुरेख आली. माझ्या पेहरावात सगळा मजकूर पांढऱ्या चौकटींत असतो, चित्रंही चौकटींत. कापड बदललं तर त्यांना काही होत नाही. घुबडांच्या बायकोचे हात होते तसेच राहणार. थेट कापडावर असते फक्त एक गोष्ट. तळाची ओळ. ती ताईनं साईच्या रंगात रंगवली होती.

मी कुणावर काही लिहिणार नव्हते. फक्त दुपटं काढून घेणार होते. ते माझं होतं.

चार वाजायला पाच मिनिटं असताना गठुडं झोपलं. सासूबाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या, न विचारता. पडद्यावर सहाशे बावन्न माणसं जमली होती. चालकांपैकी एकानं लिहिलं, 'आता पान सर्वांसाठी उघडत आहोत.' मी जुन्या चित्राच्या जागी नवं ठेवलं. खात्रीसाठी दोनदा दाबलं.

ताईचं पान निळं झालं. खरं सांगते, देखणं दिसत होतं. मी खाली गेले. 'पेहराव : शाईडाग', साईच्या रंगात, स्वच्छ. आणि मी थांबले नाही, कारण पान थांबलं नव्हतं. त्याच्याखाली आणखी ओळ होती. मग आणखी.

'काठ : पानगळ'
'कोपऱ्यातली फुलं : ओला ब्रश'
'चिन्हं : तिरकी रेघ'
'शीर्षकाचं अक्षर : दौत'

मोजली. माझ्यासकट आठ. ज्या मोकळ्या जागेला मी हिचा गबाळेपणा समजले होते, ती जागा माणसांनी भरलेली होती.

"या सगळ्या कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्यासारख्या," मी म्हटलं.  मी मंगळवारी एकच ओळ ओढून बघितली होती. स्वतःची. स्वतःचं नाव सापडल्यावर पुढे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

पडद्यावर एकच गलका सुरू झाला. 'हे निळं कसं झालं?' 'शाईडाग कोण?' ताईनं लिहिलं, 'काहीतरी तांत्रिक बिघाड आहे, दोन मिनिटं द्या.' आणि त्याच्या खालीच पानगळ नावाच्या बाईंनी लिहिलं, 'हा काठ माझा आहे. तीन वर्षांपूर्वी ताईंना दिला होता. मला वाटलं, नाव मागायचं मीच विसरले.' ओला ब्रशनं लिहिलं, 'मी विचारलं होतं. मला म्हणाल्या, तळाशी आहे की.' मग दौत. मग तिरकी रेघ. शेवटी घुबडांनी लिहिलं, 'माझ्याही पानावर शाईडाग असे आले आहे. हे काम आपले असेल तर आभार. मला वाटत होते ताईंचे.' त्या गृहस्थांचं पान मी न विचारता निळं केलं होतं, आणि ते माझे आभार मानत होते. त्यांच्यापुढे मान वर करणं अजून मला जमलेलं नाही.

निवड झाली नाही. शनिवारी चालकांचं पत्र आलं. ताईचं पान स्पर्धेतून बाद. यंदा कट्ट्याला कायमचा पेहराव नाही, पुढच्या वर्षी बघू. आणि दुसरा परिच्छेद माझ्यासाठी. 'पूर्वसूचना न देता पस्तीस सभासदांच्या पानांचे स्वरूप बदलल्याबद्दल आपले खाते पंधरा दिवस बंद राहील. या काळात पाहता येईल, लिहिता येणार नाही.' नियम बरोबर आहे. मी तो मोडला हेही बरोबर आहे. म्हणूनच दात ओठ खात बसले. चार दिवस आधी त्यांना नियमाच्या पलीकडे बघता आलं असतं, तर मला काही मोडावं लागलंच नसतं. तेव्हा 'नमूद आहे' एवढंच दिसलं यांना.

मग ताईचा निरोप आला. 'तू सरळ मला सांगितलं असतंस तर मीच रंग बदलला असता. एवढ्या लोकांसमोर माझं असं करायची काय गरज होती? मी तुला लहान बहीण मानत होते. बाळाची काळजी घे.'

सांगितलं असतंस! मी उठले, बसले, पुन्हा उठले. उत्तराची चौकट उघडायला गेले तर ती राखाडी. लिहिता येणार नाही. माझ्या डोक्यात तयार असलेली, आयुष्यात एकदाच जमतात अशी चौदा वाक्यं घेऊन मी तशीच उभी.

"काय झालं?" सासूबाई दुपट्याची घडी घालत होत्या.

"काही नाही. मला शिव्या द्यायच्यात आणि मला बंदी आहे."

"मला दे."

"तुम्हाला कशा देऊ, आई?"

"मोठ्यानं म्हण गं. मी ऐकते. गठुडं जागंच आहे, पण त्याला अजून कळत नाही."

म्हटलं. चौदाच्या चौदा. गठुडं टाळ्या वाजवत होतं. सासूबाईंनी मध्ये एकदाच हुंकार दिला, नवव्या वाक्याला. ते मलाही जरा जास्तच जमलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता ते पान दाखव. माऊस न ओढता."

दाखवलं. घुबडांचं पान उघडलं. त्यांनी निळं कापड तसंच ठेवलं होतं. पेला धरलेले हात, खाली दोन ओळी, आणि तळाशी साईच्या रंगात माझं नाव. सासूबाई वाकल्या, डोळे बारीक केले, पुन्हा मागे झाल्या.

"एवढंसं?"

"तेवढंच असतं, आई. मीच तेवढं ठेवलं होतं. पानाचा तोल जाऊ नये म्हणून."

हे बोलताना मला माझंच वाक्य ऐकू आलं. तो तोल ताईनं मला पहिल्याच महिन्यात शिकवला होता.

"मोठं कर," सासूबाई म्हणाल्या.

"पंधरा दिवस काही करता येत नाही."

"मग सोळाव्या दिवशी कर. आणि त्या बाकीच्या सात जणींची नावंही मोठी कर. त्यांना कोण सांगणार?"

मी वही ओढली. चौकटींची मापं लिहायची माझी वही, कोपरे चघळलेले. नवं पान काढलं. तळाच्या ओळीसाठी नवीन चौकट हवी होती, रुंद, शीर्षकाएवढ्या अक्षरांची, स्वतःच्या वेगळ्या जमिनीची, म्हणजे कापड कुणीही बदललं तरी आतलं नाव पुसलं जाणार नाही. रेघ वाकडी आली. चौकटीला नाव द्यायचं होतं. गठुडं शेजारी बसून खालच्या दोन दातांनी निळ्या पँटचा पाय चावत होतं.

मी लिहिलं, 'दात'.